पहिलं नाव

धोंडिरामनं मैदानाची मधली रेघ पायानंच पुसून टाकली. फक्कीचा पांढरा धुरळा त्याच्या काळ्या बुटांवर बसला. लष्करातून हवालदार होऊन परतल्याला नऊ वर्षं झाली, तरी सामन्याच्या दिवशी तो ते जुने बूट घालायचाच. आणि संघ जिंकला तरच त्यांना पॉलिश लावायचं, असा त्याचा एक विचित्र नेम होता. त्या नेमापायी गेली तीन वर्षं पॉलिशची डबी फळीवर सुकत पडली होती.

गुण झाले होते एकेचाळीस आणि नऊ. एकेचाळीस साखर कारखान्याचे, नऊ निंबाच्या वाडीचे. रहिमतपूरच्या कबड्डी स्पर्धेत आठ संघ यायचे आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळायचा. धोंडिरामचा संघ सातही सामने हरून तळाला बसला होता. कारखान्याचा संघ सातही जिंकून वर बसला होता. त्यातही गंमत अशी, की कारखान्याच्या सात गड्यांपैकी तिघं धोंडिरामनंच तयार केलेले. त्यांचा कप्तान यल्लाप्पा याला चढाईत दम कसा पुरवायचा हे धोंडिरामनं ओढ्याच्या पाण्यात बुडवून बुडवून शिकवलं होतं. आज त्याच यल्लाप्पानं एका चढाईत वाडीचे तीन गडी मारले आणि परत जाताना मान खाली घातली. त्याचा राग येत नव्हता, हेच धोंडिरामला जड जात होतं.

पहिला डाव संपताच लोक उठून भज्यांच्या गाड्याकडं गेले होते. निकाल ठाऊक असलेला खेळ उन्हात बसून कोण बघणार? शेवटाला मैदानाभोवती उरले ते पंच, पाण्याची घागर आणि गोपाळकृष्ण मास्तर.

मास्तर साताऱ्याच्या एका हायस्कुलात शिकवायचे आणि स्पर्धेचे चिटणीस होते. खेळताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण आजवरच्या सगळ्या सामन्यांचे गुण त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी धोंडिरामला चहाला नेलं आणि खिशातून निळं विमानपत्र काढलं. त्यांचा धाकटा भाऊ इंजिनिअर. दोन वर्षं इंग्लंडात काढून आता अमेरिकेत गेला होता, आणि थोरल्याची आवड ओळखून तिकडच्या खेळांबद्दल लांबलचक लिहायचा.

इंग्लंडात फुटबॉल खेळतात, मास्तरांनी सांगितलं, तिथं ज्या संघाच्या गाठीला पैसा तो हवा तो गडी उचलतो. तळाच्या दोन संघांना तर खालच्या वर्गात ढकलून देतात. अमेरिकेत मात्र उलटं. तिथं तळाच्या संघाला कुणी हाकलत नाही. नवे गडी तयार झाले की ते सगळे एका यादीत घालतात आणि जो संघ शेवटचा आला असेल त्याला पहिलं नाव घ्यायला सांगतात. सगळ्यांत वरचा सगळ्यांत शेवटी. त्यामुळं आज तळाला असलेला चार वर्षांनी वर येतो, आणि लोक खेळ बघायला येत राहतात.

धोंडिराम बशीतला चहा फुंकत ऐकत होता.

"हे आपल्या पोरांचंच झालं की, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांना कळेना. मग धोंडिरामनं समजावलं. पोरं हुतुतूला गडी वाटून घेतात तेव्हा काय करतात? तोडीस तोड दोघं गळ्यात हात घालून लांब जातात. एक चाफा होतो, एक मोगरा होतो. परत येऊन दोन्ही बाजूंच्या राजांना विचारतात, कोण पाहिजे? एक राजा चाफा मागतो, मोगरा आपोआप दुसऱ्याकडं जातो. चाफा कोण ते राजाला ठाऊक नसतं. दोन्ही बाजू सारख्या होतात. ज्याला जोडीच मिळत नाही त्याला कच्चं लिंबू म्हणून दोन्हीकडून खेळवतात. एवढी अक्कल शेंबड्या पोरांना असते. मोठं झाल्यावर ती कुठं जाते कुणास ठाऊक.

महिन्याभरानं साताऱ्यात सभा भरली आणि नियम झाला. ज्या गड्यांना अठरा वर्षं पूर्ण होऊन ते पहिल्यांदा मोठ्यांत खेळणार, त्या सगळ्यांची नावं फळ्यावर लिहायची. तळाच्या संघानं पहिलं नाव घ्यायचं, मग सातव्यानं, मग सहाव्यानं, आणि अखेरीस पहिल्यानं. प्रत्येकानं एकच. उरले ते आपापल्या गावी खेळतील.

त्यात धोंडिरामनं स्वतःचं एक कलम घातलं. गडी ज्या संघानं घेतला त्याच संघाकडून त्यानं तीन वर्षं खेळायचं. अदलाबदल नाही, सोडचिठ्ठी नाही. कारखाना गोड बोलून वर्षभरात गडी परत ओढून नेईल ही त्याची धास्ती होती. कारखान्यातर्फे कामगार अधिकारी आप्पासो आले होते. ते भांडतील म्हणून धोंडिराम तयारीनं गेला होता, पण त्यांनी टोपी सारखी केली आणि खेळ बरोबरीचाच पाहिजे म्हणून सही करून टाकली. माणूस इतका सरळ निघाला याचंच धोंडिरामला दिवसभर नवल वाटत राहिलं.

नियम करताना त्याच्या डोळ्यांपुढं एकच गडी होता. सोपान. पुढल्या जानेवारीत त्याला अठरा पुरी होणार होती.

निंबाच्या वाडीचा संघ म्हणजे खरं तर वस्तीचा संघ. छप्पन सालानंतर वस्तीनं गावकीची कामं सोडली आणि गावानं त्यांचं बलुतं बंद केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी धोंडिराम पलटणीतून घरी आला आणि त्यानं विहारापुढच्या मोकळ्या जागेत मैदान आखलं. लोकांना वाटलं, हवालदाराला कवायतीची सवय आहे, जाईना का वेळ. त्याचा हिशेब निराळा होता. जी माणसं आपल्या सावलीला बिचकत होती, त्यांना या खेळात आपल्याला कंबरेला मिठी मारून धरावं लागतं. पहिल्या वर्षी दोन संघांनी धरलंच नाही, नुसते बाजूला सरत राहिले आणि सपाटून हरले. दुसऱ्या वर्षापासून सगळे धरायला लागले. त्या पहिल्या मिठीच्या दिवशी धोंडिराम घरी येऊन बायकोपुढं, आक्काताईपुढं, लहान पोरासारखा रडला होता. संघ बंद पडू द्यायचा नाही हे त्यानं त्याच दिवशी ठरवलं.

आता तो बंद पडायला आला होता. चांगला गडी तयार झाला की कारखाना नोकरी द्यायचा, आणि नोकरीला जाऊ नको असं कुणाला कुठल्या तोंडानं सांगायचं? उरलेले सहा आणि सातवा कुणीतरी ओढून आणलेला. समोरच्या मैदानात जाऊन गडी मारून येणारा एक जरी मिळाला असता, तरी पोरांचा धीर राहिला असता. सोपान तसा होता. तो चढाईला निघाला की विहाराच्या पायरीवर बसलेल्या बाया तांदूळ निवडायच्या थांबायच्या.

दिवाळीआधी गाळप सुरू झालं आणि सोपान सीझनच्या कामावर कारखान्यात लागला. धोंडिरामला त्याचं काही वाटलं नाही. नोकरी तिकडं करील, खेळेल आपल्याकडून. नियम होता ना. सोपानची आई बनाबाई पहिल्या पगाराच्या दिवशी आक्काताईला भेटायला आली. नवरा गेल्यापासून तिनं बारा वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलं होतं. बोटं धड मिटत नव्हती. तिनं फक्त एवढं सांगितलं, की आजपासून खुरपं वळचणीला खोचलं. दोघी बराच वेळ त्यावर हसत बसल्या.

निवडीचा दिवस जानेवारीतल्या एका रविवारी ठरला, मास्तरांच्या शाळेत. धोंडिराम सकाळच्या गाडीनं साताऱ्याला पोहोचला तेव्हा यल्लाप्पा व्हरांड्यात त्याची वाट बघत उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला, जयभीम घातला, आणि मग नुसता खांबाचा रंग खरवडत बसला.

"बोल की रं," धोंडिराम म्हणाला.

"नाना, आमच्यात तीन जागा कायम व्हायच्यात. खेळाडूंच्या. सोपानाचं नाव हाय त्यात."

"मग चांगलंच हाय."

"कारखान्याकडनं खेळला तर हाय."

धोंडिराम तसाच आप्पासोंकडं गेला. ते वर्गात पहिल्या बाकावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. उलट शेजारी बसायला जागा करून दिली. म्हणाले, संचालकांची बैठक मार्चात आहे, त्याआधी यादी जायची आहे. खेळाडू म्हणून कायम करायचं तर तो कारखान्याचाच खेळाडू पाहिजे. नाहीतर सीझन संपला की घरी, पुढच्या वर्षी बोलावलं तर बोलावलं. सोपानच्या जागी द्यायला चार नावं तयार आहेत.

"आवं पर नियम झालाय आपला," धोंडिराम म्हणाला.

"नियम मी मोडत नाही, हवालदार," आप्पासो म्हणाले. "गड्यानं कुठं खेळायचं ते तुम्ही नियमात लिहिलंत. नोकरी कुणाला द्यायची ते त्यात कुठं आहे?"

धोंडिराम उठला. व्हरांड्याच्या टोकाला सोपान उभा होता. कारखान्याच्या ट्रकमधून आला होता, अंगात नवा सदरा. त्याला सगळं ठाऊक होतं हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. धोंडिरामनं त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? सोपाननं वर पाहिलं नाही.

"तुमी म्हणाल तसं, नाना."

तो रडला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं. पोरगं खरोखरच ऐकणार होतं. नाव घेतलं असतं तर तीन वर्षं एका शब्दानं कुरकुरलं नसतं, आणि बनाबाईनं वळचणीचं खुरपं काढून घेतलं असतं.

नाव घ्यायचं नाही हे धोंडिरामनं तिथंच ठरवलं. पण ते ठरवून दोन पावलं चालला आणि थांबला. आपण नाव घेतलं नाही तर ते कारखान्याला थोडंच मिळणार होतं? मध्ये सहा संघ होते. दुसरं नाव तासगावच्या संघाचं. आणि एकदा कुणी सोपानला घेतलं की तीन वर्षं सुटका नाही. ते कलम कुणी घातलं होतं? शंभर माणसांपुढं मूठ आपटून ते त्यानंच घालून घेतलं होतं.

तासगावचा कप्तान धुळा नळावर तोंड धूत होता. रांगडा गडी, द्राक्षाच्या मळ्यावर राखणीला असायचा. धोंडिराम त्याच्याजवळ गेला.

"धुळा, मी सोपानाला घेत न्हाई."

"का रं? दुखावला हाय व्हय?"

"कायम हुतोय त्यो. तकडनं खेळला तर."

धुळानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिला. त्याच्या बहिणीचा नवरा चार सीझन त्याच कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस टाकायला होता आणि दर चैत्रात घरी बसत होता.

"पर गड्या," तो शेवटी म्हणाला, "माझ्यामागनं आनि पाच जण हाईत."

"ठाव हाय."

त्या पाच जणांना गाठायला वेळच नव्हता. घंटा झाली.

फळ्यावर मास्तरांनी वळणदार अक्षरात अकरा नावं लिहिली होती. सोपानचं तिसरं. वर्ग भरला होता, खिडक्यांतूनही माणसं वाकून बघत होती. इतकी गर्दी स्पर्धेला चार वर्षांत झाली नव्हती. मास्तरांचा चेहरा फुलून आला होता. त्यांनी भावाचं पत्र सोबत आणलं होतं आणि सुरुवातीला त्यातलं थोडं वाचूनही दाखवलं. मग खडू उचलला.

"निंबाची वाडी. पहिलं नाव."

धोंडिराम उभा राहिला. सवयीनं टाचा जुळल्या.

"आनंदा," तो म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं. आनंदा वस्तीतलाच, शिलाईच्या दुकानात काजं करणारा. दम चांगला होता, पण धावताना त्याचे गुडघे एकमेकांवर आपटायचे. लहानपणी गडी वाटून घेताना त्याला कधी जोडी मिळाली नव्हती. तो कायमचा कच्चं लिंबू. फळ्यावर त्याचं नाव अकरावं होतं.

मास्तरांनी खडू खाली घेतला. "विचार करून सांगा, हवालदार. मागाहून बदलता येणार नाही."

"कलम माझंच हाय, मास्तर. आनंदा लिवा."

मास्तरांनी लिहिलं. आता तासगाव. धुळा उठला, फळ्याकडं न बघता कुठल्यातरी कोरेगावच्या पोराचं नाव घेऊन खाली बसला. वर्गात कुजबूज झाली. तिसऱ्या संघाच्या माणसानं धुळाच्या कानाशी काही विचारलं, धुळानं दोन शब्दांत सांगितलं. तो माणूस उठला आणि त्यानं फळ्यावरचं चौथं नाव घेतलं. मग कुजबूज बाकाबाकानं मागं सरकत गेली आणि जिथं जिथं पोहोचली तिथं तिथं बसली. प्रत्येकाच्या गावात कारखान्याचा ट्रक येत होता. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी चैत्रात घरी बसत होतं.

पाचवा संघ कडेगावकडचा. त्यांचा कप्तान नवा, तरणा, त्याच्यापर्यंत काही पोहोचलंच नव्हतं. एवढा गडी अजून फळ्यावर कसा, या आनंदानं तो घाईघाईनं उठला. धोंडिरामनं बाकाची कड धरली. कप्तानाच्या तोंडून निम्मं नाव बाहेर पडलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा सदरा धरून त्याला खाली वाकवलं. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं दुसरंच नाव घेतलं आणि खाली बसला.

सहावा. सातवा. मास्तर लिहीत होते. त्यांना आता कळलं होतं, कारण त्यांचं अक्षर बिघडलं होतं.

"कारखाना," ते म्हणाले. "शेवटचं नाव."

आप्पासो उठले. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "सोपान," त्यांनी सांगितलं, आणि आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू आला नसेल. टाळ्या वाजल्या नाहीत.

सभा पांगल्यावर सोपान आला आणि पायाशी वाकला. मग धोंडिरामनं त्याला सांगितलं, की उजवीकडं वळताना तू डावा पाय मागं ठेवतोस, तिथं तुझा घोटा सापडतो, तेवढं सुधार.

"नाना, आता कशाला सांगताय? पयला सामना तुमच्याच संगं हाय."

"मग काय झालं? न्हाई सुधारलास तर धरू."

सोपान हसला आणि तोंड फिरवून ट्रककडं पळाला.

मास्तर फळा पुसत होते. सगळी नावं पुसून झाली तरी डस्टर फिरवतच होते. म्हणाले, आठ संघ आले, आठांनी नियम पाळला, एकानंही मोडला नाही. भावाला आता काय लिहू? धोंडिरामला त्यांची कणव आली. स्वतःच्या घरचं काही जात नसताना या माणसानं वर्षभर जीव टाकला होता.

"लिवा की समदं नीट झालं म्हणून."

"पुढच्या वर्षी ठेवायचा का हा नियम?"

"ऱ्हाऊ द्या," धोंडिराम म्हणाला. "पुढल्या सालीबी पयलं नाव आमचंच आसंल."

एसटी स्टँडवर आनंदा त्याला शोधत आला. सकाळपासून तो खिडकीबाहेर उभा होता. आत काय कुजबुजलं ते त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं, पोहोचलं ते एवढंच, की आठ संघांत, अकरा गड्यांत, पहिलं नाव आपलं निघालं. त्यानं कंदी पेढे घेतले होते. गाडीत बसल्यावर पुडा सोडून पहिला पेढा धोंडिरामला दिला, मग कंडक्टरला, मग शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईला, आणि प्रत्येकाला पेढा कशाचा ते सांगितलं. धोंडिरामनं पेढा तोंडात घातला.

गाडी माहुलीचा पूल ओलांडून गेली तेव्हा आनंदा त्याच्या कानाशी वाकला.

"नाना, माझ्यात काय बघितलंसा तुमी?"

धोंडिराम खिडकीतून बाहेर बघत राहिला. ऊसगाड्यांची रांग रस्त्याच्या कडेनं कारखान्याकडं निघाली होती. काहीतरी सांगायला हवं होतं. दम, त्यानं सांगितलं, तुझा दम चांगला आहे. तेवढं तरी खरं होतं.

आनंदानं मान डोलावली, जणू हे त्याला आधीपासून ठाऊक होतं आणि फक्त कुणीतरी म्हणायचं राहिलं होतं. मग त्याची नजर खाली गेली. नेम वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होता.

"यंदा ह्या बुटास्नी मी सोता पॉलिश लावनार," तो म्हणाला. "आता मी हाय न्हवं."

धोंडिरामनं दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.